वल्हे हातात, जोर पायांत

कृष्णाकाठच्या सांगलीकरांना होडी नवी नाही. पावसाळ्यात नदीचे पात्र भरले की येथे होड्यांच्या शर्यती रंगतात आणि त्या पाहण्यासाठी काठावर गर्दी लोटते. त्यामुळेच की काय, व्यायामशाळेतील रोइंगचे यंत्र प्रथम पाहणाऱ्याला ते ओळखीचे वाटते. तो मूठ घट्ट आवळतो आणि दंडांच्या बळावर साखळी ओढू लागतो. चार दिवसांत कंबर धरते आणि यंत्राशी असलेला संबंध संपतो.

नदीवरच्या साध्या होडीत बसण्याची फळी पक्की असते, म्हणून वल्हवणाऱ्याची भिस्त हात, खांदे व पाठ यांवर असते. स्पर्धेच्या रोइंग नौकेतील बैठक मात्र चाकांवर पुढेमागे सरकते. यंत्र हे या दुसऱ्या नौकेचे अनुकरण आहे. बैठक सरकती झाली की शरीरातील सर्वांत बलवान स्नायू, म्हणजे मांड्यांचे आणि नितंबांचे, कामाला लागतात. निम्म्याहून अधिक जोर पायांतूनच यायला हवा.

महाराष्ट्रात या खेळाला ओळख मिळाली ती दत्तू भोकनळ यांच्यामुळे. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे भोकनळ लष्करात दाखल झाल्यानंतर या खेळाकडे वळले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेच्या २,००० मीटर शर्यतीत ते तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. असे खेळाडू पाण्यावर नसतात तेव्हा याच यंत्रावर घाम गाळतात. यंत्रावरील शर्यतीचे प्रमाण अंतरही २,००० मीटरच आहे.

नवख्याने शिकायचा तो क्रम. गुडघे दुमडून, नडग्या जवळपास उभ्या ठेवून, हात सरळ ठेवून बसावे. प्रथम पायांनी फळी रेटावी. पाय सरळ होत आले की धड कमरेतून किंचित मागे न्यावे आणि अगदी शेवटी मूठ बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी आणावी. परतताना हाच क्रम उलटा: आधी हात सरळ, मग धड पुढे, आणि मूठ गुडघ्यांपलीकडे गेल्यावरच गुडघे दुमडायचे. बहुतेकांची गडबड येथेच होते. गुडघे आधी वर येतात, मूठ त्यांवरून उचलून न्यावी लागते आणि सारा ताल बिघडतो. पाठ पोक काढून वाकवणे हे तर कंबरदुखीला आमंत्रणच. ओढण्याला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ परतण्याला द्यावा.

हवेच्या रोधावर चालणाऱ्या यंत्राच्या पंख्याला एक ते दहा आकड्यांची कळ असते. दहावर ठेवले म्हणजे व्यायाम अधिक झाला, हा समज जवळजवळ सार्वत्रिक आहे. वास्तविक ही कळ पंख्यात किती हवा शिरू द्यायची एवढेच ठरवते. ती सायकलच्या गिअरसारखी आहे. मोठ्या आकड्यावर प्रत्येक ओढ जड होते आणि तिचा भार नवख्याच्या कमरेवर येतो. तीन ते पाच हा आकडा पुरेसा आहे. पंख्याच्या जाळीत धूळ साचली तर तोच आकडा हलका लागतो, म्हणून दोन व्यायामशाळांतील आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

पहिले काही आठवडे मिनिटाला अठरा ते बावीस ओढी, तेही दहा-पंधरा मिनिटे आणि आठवड्यातून तीनदा, इतकेच करावे. शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतील एवढाच दम लागावा. २,००० मीटरची वेळ लावण्याची घाई करू नये.

साताऱ्यातील धावपटूंना या यंत्राचा वेगळा उपयोग आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे यवतेश्वरच्या घाटात सरावासाठी धावणारे कितीतरी जण दिसू लागले. उताराचे आघात गुडघ्यांना जाणवतात. यंत्रावर पाऊल आपटत नाही, तरी हृदय व फुप्फुसांना पुरेसे काम मिळते. दुखऱ्या आठवड्यात किंवा धो-धो पावसात तो चांगला पर्याय ठरतो. अर्थात घाट चढण्याची सवय घाटातच होते, यंत्रावर नव्हे. मणक्याची चकती सरकलेल्यांनी, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मूठ हाती घेऊ नये. ज्यांचा गुडघा पूर्ण दुमडताना दुखतो, त्यांनी बैठक अर्ध्यापर्यंतच पुढे न्यावी. ओढ थोडी तोकडी होते, पण चालते.