लेखांक ६ : सीमा सरकवून न सुटणारा प्रश्न

क्वेबेकचे १९९५चे सार्वमत गेल्या लेखांकात पाहिले. विभक्त होण्याच्या विरोधात ५०.५८ टक्के मते पडली आणि कॅनडा थोडक्यात वाचला. त्या निकालाच्या गलबल्यात एक गोष्ट मागे पडली. प्रांतभराच्या मतदानाआधी काही दिवस उत्तर क्वेबेकमधल्या क्री आदिवासींनी आपले वेगळे मतदान घेतले होते, आणि क्वेबेकबरोबर कॅनडाबाहेर पडायला त्यातल्या ९६ टक्के मतदारांनी नकार दिला होता. फ्रेंच भाषकांना कॅनडात जे अल्पसंख्यपण बोचत होते, तेच क्रींच्या वाट्याला नव्या क्वेबेकमध्ये येणार होते. सीमा कुठेही आखा, तिच्या आत कोणीतरी अल्पसंख्य उरतोच. म्हणून संघराज्याची परीक्षा त्याच्या सीमा किती न्याय्य आहेत एवढ्यावर संपत नाही. ज्यांच्यासाठी कोणतीच सीमा आखता येत नाही, त्यांना ते संघराज्य काय देते, हे पाहावे लागते. या कसोटीला बडोद्यातल्या मराठी माणसाइतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

भारताने बाहेरची सीमा पक्की केली आणि आतल्या सीमा सैल ठेवल्या. १९६३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर निवडणूक लढवणाऱ्याला देशाच्या अखंडतेची शपथ घ्यावी लागते. द्रमुकने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी त्याच वर्षी सोडली. उलट तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसद साध्या बहुमताने नवे राज्य घडवू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळले तरी तेलंगण झालेच. या सैलपणाचा फायदा मोठा आहे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखालची महागुजरातची चळवळ या दोन्ही तीव्र होत्या, दोन्हींत गोळीबार झाले, माणसे मेली. पण भारतातून बाहेर पडण्याची भाषा दोघांपैकी कोणी केली नाही, कारण हवे ते भारतातच मिळण्याची वाट मोकळी होती. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य दुभंगले आणि दोघांनाही आपापले राज्य मिळाले. बेळगावच्या मराठी माणसाचा लढा याच वाटेवरचा आहे. मराठी गावे सलग आहेत, महाराष्ट्राला लागून आहेत, तेव्हा रेघ सरकवली की प्रश्न मिटतो, असे महाराष्ट्र एकीकरण समिती म्हणू शकते, आणि महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात तेच मांडले आहे.

बडोद्याला ही वाट कधीच नव्हती. गायकवाडी राज्यच मुळी तुकड्यातुकड्यांचे होते. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत, मध्ये इतरांचे मुलूख, आणि सगळीकडे प्रजा बहुतांशी गुजराती. मराठी होते ते दरबार, फौज, कारकून, शिक्षक आणि त्यांचे गणगोत, तेही मुख्यतः राजधानीत. सयाजीराव महाराजांनी ही वस्तुस्थिती ओळखून कारभार गुजरातीत आणला, आणि त्याच वेळी मराठीलाही हात दिला. १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ उघडून पाहावा. कारभारातल्या एकेका शब्दापुढे इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द ओळीने मांडलेले आहेत. सत्ता एका भाषेची आणि प्रजा दुसऱ्या भाषेची असताना कोणालाही मुके न करता राज्य कसे चालवावे, याचा इतका तपशीलवार विचार त्या काळी फार थोड्या ठिकाणी झाला. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराज प्रतापसिंहरावांनी पुढे विलीनीकरणालाच आव्हान दिले आणि १९५१ मध्ये मान्यता गमावली, पण त्यांच्यामागे बडोद्यातून कोणतीही मराठी चळवळ उभी राहिली नाही. राहणार तरी कशी? मागायला जमीनच नव्हती. १९६० मध्ये डांगवरून वाद झाले, उंबरगाववरून झाले. बडोद्यातले दांडिया बाजार आणि रावपुरा महाराष्ट्रात यावेत असे कोणी म्हटले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. हे लोक काल राज्यकर्ते होते; ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सत्तेची फळे चाखली, त्यांना आता अल्पसंख्य म्हणून संरक्षण कशाला? आक्षेप वरवर न्यायाचा वाटतो. पण फिनलंडकडे पाहा. १८०९ पर्यंत तो देश स्वीडनचा भाग होता, कारभाराची आणि विद्येची भाषा स्वीडिश होती. स्वतंत्र फिनलंडने जुना हिशेब चुकता करायच्या नादी न लागता फिनिशबरोबर स्वीडिशलाही राष्ट्रभाषेचा दर्जा दिला. आज तिथे स्वीडिश भाषक जेमतेम पाच टक्के आहेत. तरीही एखाद्या नगरपालिकेत त्यांची संख्या ३००० किंवा आठ टक्के झाली की तिला दोन्ही भाषांत कारभार करावा लागतो. ऑलंड बेटांवरचे स्वीडिश मात्र सलग वस्तीचे. त्यांना स्वीडनमध्ये जायचे होते. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने त्यांना फिनलंडमध्येच ठेवून स्वायत्तता मिळवून दिली. म्हणजे एकाच भाषेच्या अल्पसंख्यांना एका ठिकाणी भूमीला जोडलेला हक्क मिळाला, दुसरीकडे माणसाला जोडलेला. बेळगाव पहिल्या जातीचे आहे, बडोदा दुसऱ्या. शिवाय ‘राज्यकर्ते’ या शब्दाखाली सगळ्यांना एका रांगेत बसवणेही खोटे आहे. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. गादी मराठी होती, ते मराठी होते, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. भाषावार राज्यांवरच्या १९५५च्या पुस्तकात त्यांनी छोट्या समाजांना स्थानिक बहुसंख्यांच्या हाती सोडण्याचा धोका कळकळीने मांडला. तो वाचताना हा प्रसंग विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की भाषिक हक्क दिले की फुटीरपणाला खतपाणी मिळते. इतिहास याच्या उलट बोलतो. उर्दू लादल्याने पाकिस्तानात जी ठिणगी पडली ती १९७१ मध्ये कुठवर गेली हे आपण पाहिले आहे. तमिळला स्वतःचे राज्य आणि मान मिळाल्यावर द्रविडनाडू मागे पडले. आणि बडोद्यासारख्या ठिकाणी तर फुटायला भूमीच नाही, तेव्हा ही भीती तिथे लावणेच गैर.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे, आणि तो घरातूनच येतो: मराठी पालकच मुलांना इंग्रजी किंवा गुजराती शाळेत घालतात, मग हक्क कोणासाठी? याचे उत्तर द्यायला आधी तो हक्क कसा चालतो ते पाहावे लागेल. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हा अनुच्छेद आणला; प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे तो सांगतो. प्रत्यक्षात जो निकष चालत आला तो १९४९चा, म्हणजे शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले. आता समजा, बडोद्यात मराठी शिकू इच्छिणारी दोनशे मुले आहेत. ती दांडिया बाजारात एकवटलेली असतील तर शाळा चालते. तीच कुटुंबे मांजलपूर, गोत्रीकडे पांगली की कुठल्याच शाळेत चाळीस भरत नाहीत आणि कुठल्याच वर्गात दहा. संख्या तीच, पण हक्क संपला. पालकांनी मराठी नाकारली असे आपण म्हणतो तेव्हा यातला कितीसा भाग खुशीचा असतो? मराठी माध्यम बडोद्यात पुन्हा जोमाने उभे राहील, असे मला वाटत नाही. पोटापाण्याचा प्रश्न त्याच्या आड येतो आणि त्यात पालकांची चूक नाही. पण माध्यम जाणे निराळे आणि मुलाला मराठी वाचता न येणे निराळे. ज्या शहरात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा मराठी साहित्य संमेलन भरले, तिथल्या मुलांच्या हातून लिपीसकट वाचन निसटावे, ही हानी संमेलनांनी भरून येणारी नाही.

महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, गुजरातने २०२३ मध्ये पहिली ते आठवी गुजराती. दोन्ही कायदे मला योग्य वाटतात; ज्या राज्यात राहायचे तिथली भाषा यायलाच हवी, आणि बडोदेकर मराठी माणसाला ती येतेच. पण दोन्हींत पाहुण्या भाषेसाठी परतीची बाजू नाही. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यात श्लेस्विगवरून युद्धे झाली, १९२० मध्ये सार्वमताने रेघ आखली गेली, तरी दोन्ही बाजूंना दुसऱ्याची माणसे उरलीच. १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन येथून दोन समांतर घोषणा झाल्या आणि दोघांनीही आपल्याकडच्या अल्पसंख्यांच्या भाषेला आणि शाळांना अभय दिले. २०११च्या जनगणनेत गुजरातेत सुमारे नऊ लाख मराठी भाषक होते आणि महाराष्ट्रात त्याच्या दुपटीहून अधिक गुजराती. देवाणघेवाणीला दोन्ही हात भरलेले आहेत. मुंबईतल्या गुजराती मुलाला मराठीबरोबर गुजराती आणि बडोद्यातल्या मराठी मुलाला गुजरातीबरोबर मराठी, एक विषय म्हणून, आणि चाळीस-दहाची मोजणी एका शाळेपुरती न करता अख्ख्या शहराची: एवढा करार गांधीनगर आणि मुंबई यांना संसदेकडे न जाता, घटनेला हात न लावता करता येतो. मराठी शिकवणारा एक शिक्षक आठवड्यातून चार शाळांत फिरला तरी त्याची अंमलबजावणी सुरू होते.