गोदामातील फिरता फोन

भाव पेढीवर ठरतो, माल गोदामात तपासला जातो. मधल्या संभाषणात एक आकडा निसटला तरी तोटा अंगावर येतो. वाय-फाय फोनवरील आवाज तुटू लागला की दोष यंत्राला दिला जातो आणि त्याहून महाग यंत्र आणले जाते. तेही तुटते! चालणाऱ्या गुमास्त्याचा फोन पुष्कळदा मागे राहिलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटलाच चिकटून बसतो. लोखंडी मांडण्या व धान्याच्या थप्प्या लहरी अडवितात. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर परस्परांत न मिसळणारी चॅनेल तीनच: १, ६ व ११. शेजारच्या पॉइंटांना ती वेगवेगळी द्यावीत. फोन निवडताना ५ गिगाहर्ट्झ व बदलता येणारी बॅटरी पाहावी. पॉइंट झटकन बदलण्याची ८०२.११आर ही सोय मात्र दोन्हीकडे हवी. पैसे देण्यापूर्वी फोन कानाला लावून गोदामात एक फेरी मारावी.