१२/३ म्हणजे बारा मार्च नव्हे

शेतीच्या याद्यांमध्ये सर्वांत आधी बिघडतो तो गट क्रमांकाचा कॉलम. वावराची वाटणी झाली की सातबाऱ्यावर हिस्सा तिरप्या रेघेने दाखवला जातो: १२/३, ७/१, १४८/२. गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये १२/३ टाइप करून एंटर दाबले की प्रोग्राम त्याची तारीख करून टाकतो. १४८/२ अशी तारीख नसल्यामुळे तो क्रमांक मजकूर म्हणूनच राहतो. एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा आणि अर्धा मजकूर असे मिश्रण तयार होते आणि पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

दर्यापूर तालुक्यातून आलेला प्रश्न नेमका याच जातीचा आहे. एका शेतकरी उत्पादक कंपनीकडे बियाणे वाटपाच्या दोन याद्या आहेत, २०२४च्या खरिपाची आणि २०२५च्या खरिपाची. दोन्ही हातानेच भरलेल्या. त्या ताडण्यासाठी लावलेल्या व्हीलुकअपची चौथी जागा फॉल्स आहे, ट्रिम लावून जादा स्पेसही काढल्या आहेत. तरीही १४८/२ जुळतो आणि १२/३ समोर एन/ए येते. डोळ्यांना मात्र दोन्हीकडे १२/३ च दिसते.

उत्तर तारखेच्या पोटात आहे. शीट तारीख साठवते ती दिवसांच्या एका सलग क्रमांकाच्या रूपात. वर्ष लिहिले नसेल तर चालू वर्ष स्वतःच जोडते. त्यामुळे २०२४मध्ये टाइप केलेला १२/३ म्हणजे १२ मार्च २०२४, त्याचा क्रमांक ४५३६३. तोच गट २०२५मध्ये टाइप केला की होतो १२ मार्च २०२५, म्हणजे ४५७२८. दोघांत बरोबर ३६५चा फरक. व्हीलुकअप हे आतले आकडे ताडून पाहते, म्हणून एन/ए हे तिचे उत्तर अचूकच आहे. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारकडे पाहिले की लपलेले वर्ष लगेच दिसते.

संशय आला की तपासणी या क्रमाने करावी. पहिली खूण मांडणीची: हाताने बदललेली नसेल तर मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो, आकडा आणि तारीख उजव्या कडेला. दुसरी खूण पक्की: शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये इझटेक्स्ट फंक्शन लावून खालपर्यंत ओढावे. ज्या ओळीत फॉल्स येईल, तो गट क्रमांक मजकूर राहिलेला नाही. दोन्ही याद्यांवर ही तपासणी करावी, कारण एकच यादी दुरुस्त केली तर जुळणी आणखी बिघडते.

दुरुस्तीसाठी टेक्स्ट फंक्शन पुरते. तारखेच्या सेलवर ‘डी/एम’ हा साचा लावला की आधी दिवस, मग महिना येतो आणि १२/३ मजकूर होऊन परततो. मात्र त्याआधी शीटचे लोकेल पाहणे आवश्यक आहे. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये युनायटेड स्टेट्स असेल, तर भरताना १२/३ चा अर्थ ३ डिसेंबर झालेला असतो. तिथे साचा ‘एम/डी’ लागतो. दुसरा धोका पोटहिश्श्याचा. १२/३/१ ची तारीख होते १२ मार्च २००१, आणि ‘डी/एम’ लावले की शेवटचा १ कायमचा गळतो. म्हणून २००१, २००२ अशी जुनी वर्षे दिसणाऱ्या ओळी आधी वेगळ्या काढून मूळ सातबाऱ्याशी ताडाव्यात.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र पहिली ओळ भरण्यापूर्वीचा: पूर्ण कॉलम निवडून फॉरमॅटमध्ये प्लेन टेक्स्ट करणे. एखाददुसरी नोंद असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करूनही भागते. भरून झाल्यावर फॉरमॅट बदलला तर मूळ क्रमांक परत येईलच असे नाही. एक्सेलमध्ये तर १२/३ च्या जागी ४५७२८ उरते. हाच नियम दूरध्वनीच्या कोडला लागू आहे. अमरावतीचा ०७२१ आणि अकोल्याचा ०७२४ आकडा म्हणून भरला की पुढचे शून्य जाते. बँक खाते क्रमांकाचेही तसेच, शिवाय एक्सेल पंधरा अंकांपलीकडचे अंक शून्य करून टाकते.

हा त्रास फक्त शेतीचा नाही. ‘सेप्ट’ आणि ‘मार्च’ यांसारखी लघुरूपे असलेली जनुकांची नावे एक्सेल वर्षानुवर्षे तारखांमध्ये बदलत राहिले. शेवटी २०२०मध्ये ह्यूगो जनुक-नामकरण समितीने अशी नावे बदलल्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञांना जनुकांची नावे बदलता आली. सातबाऱ्यावरचा क्रमांक कोणत्याही शेतकरी कंपनीला बदलता येत नाही. कॉलमच नीट बांधावा लागतो.

शीटवर ॲपशीटचे ॲप उभे केले की हीच चूक फोनवर पोहोचते. टेबल जोडताना ॲपशीट आधीच्या नोंदी पाहून कॉलमचा प्रकार ठरवते. त्या १२/३, ७/१ अशा असतील तर प्रकार ‘डेट’ ठरू शकतो, आणि मग शिवारात उभ्या कार्यकर्त्याला १४८/२ भरताच येत नाही. शीटमध्ये प्लेन टेक्स्ट केल्यावर ॲपमध्ये रिजनरेट करावे, प्रकार ‘टेक्स्ट’ झाल्याची खात्री करावी आणि टेबलचे लोकेल शीटच्या लोकेलशी जुळवावे.

गट क्रमांक दुरुस्त झाला तरी तो एकटा ‘की’ म्हणून वापरू नये. १२/३ अकोटच्या एका गावात असतो तसा तेल्हाऱ्याच्या दुसऱ्या गावातही असतो, आणि एकाच गटावर अनेक खातेदारांची नावे असू शकतात. ओळीच्या ओळखीसाठी युनिकआयडी फंक्शनने तयार झालेला वेगळा कॉलम ठेवावा. गाव आणि गट शोधासाठी राहू द्यावेत.

मेळघाटात रेंज नसताना दोन फोनवर एकच ओळ बदलली गेली तर कोणती नोंद टिकते, हे पुढच्या भागात. त्याआधी गट क्रमांकाच्या कॉलमवर इझटेक्स्ट लावून सर्व ओळींत ट्रू येते का, एवढे पाहून ठेवावे.