स्मृतिभ्रंशाची मीमांसा : लेखांक पाचवा – अंडाशय आणि मेंदू

ॲमिलॉइड आणि टाऊ या दोन प्रथिनांच्या साचण्याने मज्जापेशींचा ऱ्हास कसा होतो, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. आता जो प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो तो हा, की अल्झायमरच्या या व्याधीने स्त्रियांनाच अधिक का ग्रासावे. १९०१ च्या अखेरीस फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी जिला प्रथम तपासले, आणि १९०६ मध्ये जिच्या मृत्यूनंतर मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून त्यांनी हा रोग विद्वत्सभेपुढे मांडला, ती ऑगस्टे डेटर रुग्णालयात आली तेव्हा अवघ्या ५१ वर्षांची होती. भारतात साठी ओलांडलेल्यांची जी देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण पुरुषांत शेकडा ५.८, तर स्त्रियांत शेकडा ९ आढळले. शहरात ते ५.३ आणि खेड्यात ८.४ होते. स्त्रिया दीर्घायुषी असतात म्हणून हे घडते, असे उत्तर फार काळ दिले गेले. आपल्याकडे त्यात अक्षरओळखीपासून त्यांना दूर ठेवले गेल्याचाही मोठा वाटा आहे. परंतु ही दोन्ही कारणे हिशेबात धरूनही जे काही शिल्लक उरते, त्याचा माग काढीत संशोधक अंडाशयापर्यंत येऊन पोहोचले.

अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे केवळ प्रजननाचे संप्रेरक होय, ही समजूत १९९० मध्ये कॅथरीन वूली, ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार मोडून काढली. स्मृतीशी ज्याचा निकट संबंध, त्या हिप्पोकॅम्पस नामक भागातील मज्जापेशींच्या फांद्यांवर जे सूक्ष्म अंकुर असतात आणि ज्यांच्या द्वारे एक पेशी दुसरीशी संधान बांधते, ते अंकुर मादी उंदरांत चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्राबरोबर वाढतात व घटतात, असे त्यांना दिसून आले. प्रौढ मेंदूची रचना संप्रेरकांच्या भरती-ओहोटीने दिवसागणिक बदलू शकते, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

या पायावर ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्या मज्जाशास्त्रज्ञ रॉबर्टा डियाझ ब्रिंटन यांचे कार्य, प्रथम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात आणि पुढे ॲरिझोना विद्यापीठात, एका मूलभूत गोष्टीभोवती फिरत राहिले : मेंदूचे इंधन. शरीराच्या वजनाच्या शेकडा दोनच भरणारा हा अवयव शरीराची सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा खर्च करतो, आणि ती बहुतांशी ग्लुकोजपासून मिळवतो. ग्लुकोज पेशीत घेणे आणि मायटोकॉन्ड्रियांत त्याची शक्ती करणे, या दोन्ही क्रियांवर इस्ट्रोजेनचा अंमल चालतो. रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळात हा अंमल ढिला पडला की मेंदूचे ग्लुकोजग्रहण घटते. अल्झायमरची प्रवृत्ती असलेल्या मादी उंदरांत मायटोकॉन्ड्रियांची ही दुर्बलता रोगाची शारीर चिन्हे उमटण्यापूर्वीच दिसू लागते, असे ब्रिंटन यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखविले. २०१५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने याहून चिंताजनक गोष्ट पुढे आणली. ग्लुकोज पुरेनासा झाला की मेंदू मज्जातंतूंवरील मायेलिनच्या आवरणातील स्निग्ध पदार्थच इंधन म्हणून वापरू लागतो. दुष्काळात जळण सरल्यावर घराचेच वासे काढून चुलीत घालावेत, तसा हा प्रकार आहे.

असे असेल तर बाहेरून इस्ट्रोजेन दिले की काम झाले, असे कोणासही वाटेल, आणि वैद्यकालाही तसेच वाटले होते. परंतु अमेरिकेत ६५ वर्षांवरील चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००३ मध्ये जाहीर झाला तेव्हा, गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीने वाढलेला आढळला. या आघाताने अनेकांनी हा विषयच सोडून दिला. ब्रिंटन यांनी मात्र असे प्रतिपादन केले, की इस्ट्रोजेन निरोगी पेशीचे सामर्थ्य वाढवते, पण जी पेशी आधीच रोगग्रस्त झाली तिला ते उलट अपायच करू शकते. ज्या स्त्रियांची रजोनिवृत्ती होऊन दहा-पंधरा वर्षे उलटली होती, त्यांना औषध उशिरा मिळाले. माझ्या मते या साऱ्या संशोधनाचे मर्म या काळाच्या प्रश्नातच आहे, आणि मराठवाड्याशी त्याचा संबंध येथेच जोडला जातो.

मिनेसोटातील ऑल्मस्टेड जिल्ह्याच्या वैद्यकीय दप्तरांचा धांडोळा घेऊन, १९५० ते १९८७ या काळात ज्यांचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढले गेले अशा स्त्रियांचा मागोवा मेयो क्लिनिकचे वॉल्टर रोक्का यांनी घेतला. नैसर्गिक रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशय गमावलेल्यांत पुढे बौद्धिक ऱ्हास व स्मृतिभ्रंश सुमारे दीडपट अधिक आढळला. शस्त्रक्रियेचे वय जितके कमी, तितका धोका जास्त. ज्यांना त्यानंतर पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन मिळत राहिले, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. दसरा-दिवाळी उरकली की मुरुडवरून बार्शीच्या रस्त्याने पश्चिमेकडे धावणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांत, मुकादमाची उचल अंगावर घेतलेली ऊसतोड जोडपी गाळपाच्या हंगामासाठी निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दंड दोघांवर. फडाजवळच्या कोपीत पाण्याची सोय नसते, आडोसा नसतो, डोक्यावर मोळ्या वाहणे चुकत नाही. मासिक पाळीचा त्रास किंवा अंगावरून जाणे सुरू झाले की खाजगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे सहांत एक, तर देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्यानंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले की संप्रेरकांचा झरा एका दिवसात आटतो. अंडाशय जाग्यावर राखले तरी त्यांचा रक्तपुरवठा घटून रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते. तिशीत झालेल्या शस्त्रक्रियेचा हिशेब आपण कंबरदुखी, हाडांची झीज आणि कामाला न लागणारा हात एवढ्यावरच मांडला. तिचा मेंदूवरील भार कोणत्याही अहवालाच्या रकान्यात नाही, आणि त्या स्त्रिया साठीला पोहोचतील तेव्हा कोणी शोधू गेले तरी कारण आणि परिणाम यांत तीस वर्षांचे अंतर पडलेले असेल. म्हणून ज्यांची मोजदाद सरकारनेच केली आहे, त्या स्त्रियांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आजच सुरू व्हावा, ही मागणी मी आग्रहाने करतो. पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशय गेले असतील आणि कर्करोगासारखी प्रतिबंधक बाब नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा विचार करावा, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे औषध दुर्मीळ नाही. परंतु त्यासाठी आपल्या देहातून नेमके काय काढले गेले हे त्या बाईला ठाऊक असले पाहिजे. ज्या वाचकांच्या घरात वा वस्तीत अशी शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधून अंडाशयांची नोंद वाचून घ्यावी, ते जपून ठेवावे, आणि शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञापुढे ठेवून संप्रेरकांविषयी स्पष्ट विचारणा करावी; रक्तदाब व मधुमेहाची तपासणीही त्याच खेपेस करून घ्यावी, कारण मेंदूचे नुकसान याही वाटांनी होते.

पुरुषांच्या मेंदूतही टेस्टोस्टेरॉनचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये परिवर्तित होतो, आणि वयोमानाने त्याचा पुरवठा हळूहळू घटतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर हेच संप्रेरक रोखणारे उपचार घेणाऱ्यांच्या स्मृतीचे काय होते, याचा विचार पुढील लेखांकात करू.