रुग्णवाहिका दान झाली, पुढे?

वसईच्या पश्चिमेला, समुद्रालगत भुईगाव आहे. केळीच्या वाड्या, फुलांचे मळे आणि त्यांतून वळणे घेत जाणारे अरुंद रस्ते. स्टेशनजवळ पेढी असलेल्या कुटुंबांना हे गाव ठाऊक असते ते समुद्रकिनाऱ्यामुळे. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला मात्र त्याची ओळख निराळी असते. पत्ता म्हणजे आळीचे नाव आणि एखादी खूण. आणि १०८ क्रमांकावर फोन उचलणारा बसलेला असतो पुण्याला. ‘क्रूसापासून डावीकडे’ एवढ्यावर त्याला काय कळणार? मग घरातला एखादा मुलगा विजेरी घेऊन नाक्यावर जाऊन उभा राहतो. रुग्णसेवेचा पहिला अनुभव हा असा, वाट पाहण्याचा असतो.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. आरंभी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ अद्ययावत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक साधनांच्या. नियंत्रण कक्ष पुण्यात औंध येथे. या योजनेचे वैशिष्ट्य असे, की गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असावा, असे ठरले. रुग्णवाहिका म्हणजे रुग्णाला रुग्णालयापर्यंत पोहोचवणारे वाहन, ही आपली जुनी समजूत. ती या एका तरतुदीने बदलायला हवी होती. पुरती बदललेली नाही. उपचार घराच्या उंबरठ्यावरच सुरू व्हावेत, हा तिचा अर्थ. दम्याच्या रुग्णाला वाफेतून औषध मिळाले की काही मिनिटांत श्वास मोकळा होऊ लागतो. रक्तातील साखर एकाएकी उतरलेला वृद्ध ग्लुकोज मिळताच डोळे उघडतो. राज्यात हजारो बाळंतपणे या गाड्यांमध्येच झाली आहेत. इंग्लंडमध्ये तर घरी आलेले रुग्णवाहिकेचे प्रशिक्षित कर्मचारी तपासून, उपचार करून, आवश्यकता नसल्यास रुग्णाला हलवतही नाहीत.

आपल्या घरांच्या संदर्भात एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पर्युषणात अठ्ठाईची तपश्चर्या करणाऱ्या, त्यातही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेरी आली, तर कितवा उपवास आहे, पाणी शेवटचे केव्हा घेतले आणि गोळी घेतली की सोडली, हे आलेल्या डॉक्टरला पहिल्या वाक्यातच कळले पाहिजे. संकोचाने ही माहिती मागे राहते आणि तेवढा वेळ फुकट जातो.

आडव्या पडलेल्या रुग्णाला गाडीतून दिसते ते केवळ छत. रस्ता कोणता, किती उरला, हे कळत नाही. प्रत्येक गतिरोधक पाठीला कळतो. सायरनचा आवाज बाहेरच्यांना सावध करतो, आतल्याला घाबरवतो. अशा वेळी मनगट धरून ‘आजोबा, आता पूल ओलांडला,’ असे कोणी सांगितले, तर माणसाला धीर येतो. आणि शेजारचे आसन रिकामे असेल, तर सिलिंडर, स्ट्रेचर, पडदे सारे नवे असूनही त्याचा प्रवास एकट्याचाच होतो.

हा प्रवास वसईकरांसाठी लांबचा आहे. खाडीपलीकडे भाईंदर डोळ्यांना दिसते, पण खाडीवरचा पूल रेल्वेचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहने नेणारी रो-रो फेरी सुरू झाली. रात्री-अपरात्रीच्या रुग्णाचा भरवसा मात्र रस्त्यावरच. बांगली येथील कार्डिनल ग्रेशस रुग्णालयासारख्या जवळच्या ठिकाणी भागत असेल, तर उत्तमच. मुंबईला न्यायचे ठरले, की पश्चिमेकडून पूर्वेकडे गर्दीतून वाट काढायची, राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठायचा आणि घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडायची. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारच्या वस्त्याच पाण्यात वेढल्या गेल्या होत्या. २०२५ च्या पावसाळ्यात पालघरहून मुंबईस निघालेली रुग्णवाहिका याच महामार्गाच्या कोंडीत अडकली आणि आतील रुग्ण दगावला. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली खरी. पण जेथे बाजूला सरकायलाच जागा नाही, तेथे दंड कोणाला करणार? अशा कोंडीत गाडीचा वेग निरुपयोगी ठरतो. उपयोगी पडतो तो आत बसलेला जाणकार माणूस.

येथेच व्यापारी समाजाच्या दातृत्वाचा प्रश्न येतो. रुग्णवाहिकेचे दान आपल्याकडे मोठ्या भावाने होते. पूजन होते, किल्ली दिली जाते, दरवाजावर कै. पिताश्रींचे नाव झळकते आणि सारे अनुमोदना करतात. त्यात गैर काही नाही. पण गाडी ही एकदाची खरेदी. सेवा हा महिन्याचा खर्च.

हिशेब सोपा आहे. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्यात ४८ तास काम करणार, म्हणजे चोवीस तासांच्या सेवेसाठी चार चालक आणि चार प्रशिक्षित साहाय्यक हवेत. प्रत्येकी मासिक वीस हजार रुपये धरले, तरी पगार एक लाख साठ हजार. वर्षाला एकोणीस लाख वीस हजार. सात टक्के व्याज धरल्यास एवढी रक्कम उभी राहायला सुमारे पावणेतीन कोटींची ठेव लागेल. डिझेल, विमा, प्राणवायू, टायर आणि दुरुस्ती यांत धरलेली नाही. हा हिशेब आधी मांडला जात नाही, म्हणून दान झालेली गाडी पुढे एकाच चालकावर येते, साहाय्यकाची जागा रिकामी राहते आणि चालक गावाला गेला की गाडी आवारात उभी.

ज्या संस्थेला एवढी ठेव झेपत नाही, तिने चोवीस तासांचा आग्रह धरू नये. रात्री दहा ते सकाळी सहा, एवढीच वेळ घ्यावी. आठवड्याचे ५६ तास होतात. दोन चालक व दोन साहाय्यक पुरतात आणि पगाराचा खर्च ऐंशी हजारांवर येतो. दिवसा रिक्षा मिळते, शेजाऱ्याची मोटार मिळते, दवाखाने उघडे असतात. रात्री भुईगावच्या नाक्यावर विजेरी घेऊन उभ्या असलेल्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते.