नौकेच्या तळाला चिकटणारे बिऱ्हाड



पांढुर्णा-सौंसरपासून समुद्र फार दूर. जाम आणि कन्हान नदीचे दगडावरचे शेवाळ तेवढे आपल्या ओळखीचे. म्हणून शिडाच्या नौकेचा तळ घासावा लागतो हे आपल्याला नवलाचे वाटेल.

आपल्या नौदलाची 'तारिणी' ही गोव्यात बांधलेली सुमारे १७ मीटर लांबीची नौका. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. इतके दिवस खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या कोणत्याही नौकेवर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग बार्नेकल. हा प्राणी दिसतो शिंपल्यासारखा, पण सोयरा खेकडा-झिंग्याचा! पिल्लू पोहत येते, डोके टेकवून कायमचे चिकटते, भोवती चुन्याचे घर बांधते आणि पायांनी अन्न ओढते. चार्ल्स डार्विनने यांच्या अभ्यासाला आठ वर्षे दिली.

तळ खरबरीत झाला की पाणी अडते, नौका मंदावते. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले अभिलाष टॉमी दुसरे आले. त्याच शर्यतीत काही नाविकांचा वेग बार्नेकलांनी पार खाल्ला. भर समुद्रात उडी मारून त्यांना तळ खरवडावा लागला.

खरे काम मात्र किनाऱ्यावरच नीट होते. नौका वर काढली की तळ ओला असतानाच घासतात, कारण वाळलेला थर दगडासारखा होतो. प्लास्टिकच्या किंवा लाकडी पात्याने हलक्या हाताने खरवडायचे, जोराच्या पाण्याने धुवायचे. मागे चुन्याची गोल चकती उरतेच. ती सौम्य आम्लाने सुटते. (लिंबाने पातेल्यातला पांढरा थर निघतो, तसेच.) मग तांबेयुक्त रंग देतात. जुना रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ विषारी असते. पूर्वी कथिलयुक्त रंग फार चाले. पण त्याने शंख-शिंपले बिघडू लागले, म्हणून २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

खरवडलेला कचरा पाण्यात लोटू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांना चिकटून १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला पोहोचला. पुढे तो मुंबईच्या गोदीतही सापडला.