विखुरलेल्या कुटुंबात सांभाळाची जबाबदारी कोणाची?

भारतीय कुटुंबाविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: एकत्र कुटुंब टिकले की मोडले? या प्रश्नाचे उत्तर घरातील माणसे मोजून देण्याची सवय पडल्यामुळे त्याहून निकडीचा प्रश्न मागे राहतो. वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात कोणी न्यायचे, तान्ह्या मुलाजवळ दिवसभर कोणी थांबायचे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी रात्री कोणी जागायचे, ही कामे पूर्वी घरातच, कोणताही हिशेब न ठेवता पार पडत असत. घर लहान झाले, माणसे दूर गेली. कामे मात्र कमी झालेली नाहीत. त्यांची नव्याने विभागणी सुरू आहे आणि तीत कुटुंबाबरोबरच कायदा, न्यायालये व शासन यांनाही भाग घ्यावा लागत आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत देशातील एका स्त्रीला होणाऱ्या अपत्यांची सरासरी ३.४ होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती २.० वर आली. महाराष्ट्रात ती १.७ इतकी आहे. याच फेरीत देशातील घरांचा सरासरी आकार ४.४ व्यक्ती असा आढळला. दुसरीकडे आयुष्य लांबले. १९७०-७५ या काळात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ५० वर्षे होते. २०१६-२० मध्ये ते ७० वर्षांवर पोहोचले. २०११ च्या जनगणनेत साठी गाठलेल्या व त्यापुढील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख नोंदली गेली.

या दोन्ही बदलांचा परिणाम एकाच ठिकाणी येऊन मिळतो. चार-पाच भावंडांत वाटली जाणारी जबाबदारी आता एका-दोघांवर येते आणि तीही अधिक वर्षांसाठी. पती व पत्नी दोघेही एकुलती अपत्ये असतील, तर एका जोडप्याकडे चार वृद्धांची काळजी येते. त्यातच नोकरी बंगळुरूला आणि आईवडील नागपूरला किंवा इंदूरला असतील, तर इच्छा असूनही रोजचा हात देता येत नाही.

दूर राहणे नवे नाही

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेचा प्रदेशवार अभ्यास मांडला. एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवपूजा ही एकत्र कुटुंबाची लक्षणे त्यांच्या विवेचनातून अभ्यासकांच्या परिचयाची झाली. पुढे आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा या गावाच्या अभ्यासातून निराळ्या बाजूकडे लक्ष वेधले. वेगळ्या घरांत राहणारी माणसेही पैसा, कर्तव्य आणि निर्णय यांच्या धाग्यांनी एकत्र असू शकतात, म्हणून केवळ निवास पाहून कुटुंब विभक्त ठरविता येत नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

मराठी समाजाला याचे उदाहरण शोधावे लागत नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्गातील चाकरमानी गिरणीत किंवा गोदीत काम करण्यासाठी मुंबईस राहत, गिरणगावातील खाणावळीत जेवत आणि दरमहा गावी मनीऑर्डर पाठवीत. घर दोन ठिकाणी होते, तरी शेत, देव आणि कर्ज एकच होते. गणपतीला आणि शिमग्याला सारे गावी जमत. मात्र ही व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती: गावी कोणीतरी, बहुधा चाकरमान्याची पत्नी, मागे राहून सासू-सासरे, मुले आणि शेती सांभाळीत असे. आजच्या स्थलांतरात नेमके हेच मागे राहणारे माणूस उरलेले नाही, कारण तीही शहरात आहे आणि बऱ्याचदा नोकरीत आहे.

न मोजलेले श्रम

एकत्र कुटुंबाची ऊब ज्या श्रमांवर टिकून होती, ते श्रम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. मुलांची व वृद्धांची देखभाल यांत धरलेली नाही. तिची मोजणी स्वतंत्रपणे होते आणि तेथेही स्त्रियांचाच वेळ अधिक आहे.

कुटुंब लहान झाले म्हणून हा भार आपोआप समान वाटला गेला नाही. उलट, जावा-नणंदांत विभागला जाणारा भार एकाच स्त्रीवर आला. शहरांत त्यावर दोन उपाय दिसतात. ज्यांना परवडते ते पाळणाघर, आया किंवा रुग्णसेवक ठेवतात. ज्यांना परवडत नाही त्या घरातील स्त्री नोकरी सोडते. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. परंतु शेतमजूर, घरकामगार आणि फेरीवाल्या स्त्रियांपर्यंत हा लाभ पोहोचत नाही. शिवाय या तरतुदीत रजा आईलाच आहे. वडिलांसाठी तशी सार्वत्रिक तरतूद नाही.

मुलीचे बदललेले स्थान

आईवडिलांना मुलाने सांभाळायचे आणि मुलगी परक्या घरची, हा समज देशभर सारखा कधीच नव्हता. मेघालयातील खासी समाजात वंश आईकडून चालतो. तेथे वडिलोपार्जित घर परंपरेने धाकट्या मुलीकडे जाते आणि आईवडिलांचा सांभाळही तिच्याकडेच येतो. वारसा आणि सांभाळ तेथे एकाच हाती आहेत.

हिंदू वारसा कायद्याखालील कुटुंबांत मुलीकडे आधी कर्तव्य आले आणि हक्क त्यानंतर आला. पुरेसे उत्पन्न असलेल्या विवाहित मुलीवरही निराधार आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली; देशपातळीवर ती २००५ मध्ये झाली. ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

आज अनेक घरांत वृद्ध आईवडील मुलीकडे राहतात. तरीही 'मुलीच्या घरी कसे राहावे' हा संकोच आणि 'भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दे' हा आग्रह, दोन्ही कायम आहेत. सांभाळ मुलीने करायचा आणि घर मुलाला जायचे, अशा विभागणीतून कटुतेची बीजे पेरली जातात.

कायदा घरात येतो तेव्हा

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा या बदलाचा सर्वांत ठळक कायदेशीर पडसाद होय. स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह न करू शकणारे आईवडील मुलगा, मुलगी अथवा सज्ञान नातवंडे यांच्याकडून निर्वाह भत्ता मागू शकतात. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांची जबाबदारी त्यांची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे, त्या नातेवाइकावर येते. अर्ज उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. सामान्यतः ९० दिवसांत त्याचा निकाल अपेक्षित आहे. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये आहे. सून व जावई यांनाही जबाबदार धरू पाहणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये संसदेत मांडले गेले, परंतु ते संमत झाले नाही.

या कायद्यातील कलम २३ सर्वसामान्य कुटुंबांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली आणि पुढे ती अट मोडली गेली, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईने मुलाच्या नावे केलेले बक्षीसपत्र रद्द ठरविले. त्यावेळी बक्षीसपत्राबरोबरच मुलाने लिहून दिलेले सांभाळाचे वचनपत्र विचारात घेतले गेले. मालमत्तेचा ताबा ज्येष्ठांना परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, हेही न्यायालयाने मान्य केले. यातून व्यवहार्य बोध इतकाच, की बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यातच स्पष्ट शब्दांत लिहावी. मृत्युपत्राने मालमत्ता हयातीत हातची जात नाही आणि ते बदलताही येते.

एक घर, दोन हक्क

याच कायद्याची दुसरी बाजूही न्यायालयांपुढे आली. वृद्ध सासू-सासऱ्यांना आपल्या घरात शांतपणे राहण्याचा हक्क आहे. त्याच घरात नांदायला आलेल्या सुनेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, म्हणजे २००५ च्या अधिनियमाने, निवासाचे संरक्षण दिले आहे. मुलगा व सून यांच्यात वाद झाल्यावर सुनेला घराबाहेर काढण्यासाठी २००७ च्या कायद्याचा आधार घेतला जाऊ लागला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात असे ठरविले, की ज्येष्ठांसाठीचा कायदा वापरून स्त्रीचा निवासाचा हक्क सरसकट निष्प्रभ करता येणार नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घालूनच निर्णय करावा लागेल. असे वाद लहान सदनिकांत अधिक तीव्र होतात. वाड्यात वेगळी खोली निघत असे, शहरातील दोन खोल्यांच्या घरात ती वाट उरत नाही.

कुटुंब म्हणजे कोण?

सांभाळ करणारे माणूस रक्ताचेच असेल असे नाही, हेही आता मान्य होऊ लागले आहे. चंदीगड येथील एका परिचारिकेने पतीच्या पहिल्या विवाहातील दोन मुलांसाठी बालसंगोपन रजा घेतली होती. पुढे तिच्या स्वतःच्या पहिल्या अपत्याच्या वेळी ते 'तिसरे' ठरवून तिला प्रसूती रजा नाकारली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मृत्यू, घटस्फोट वा विभक्तता यांमुळे घर एकल पालकाचे होऊ शकते, पुनर्विवाह, दत्तक किंवा विवाहाविना सहजीवन यांतूनही कुटुंब आकारास येते, आणि अशी कुटुंबे कायद्याच्या संरक्षणास तितकीच पात्र आहेत, असे न्यायालयाने नमूद केले.

शासकीय कागदपत्रांतही बदल दिसतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठतम स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत बालकाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले आहे. पतीविना मूल वाढविणाऱ्या आईला शाळेच्या प्रवेशापासून पारपत्रापर्यंत प्रत्येक खिडकीवर जे प्रश्न विचारले जात, ते अशा नोंदींमुळे काही प्रमाणात कमी होऊ शकतात.

कुटुंबाला करता येण्यासारखे

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे आहे. शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी आल्यानंतरचे दोन-तीन महिने, औषधांच्या वेळा, आंघोळ, पथ्य, सोबत, यांची व्यवस्था कुटुंबालाच करावी लागते.

म्हणूनच दुखणे दाराशी येण्यापूर्वी भावंडांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरविणे हिताचे असते: पैसा कोण देणार, प्रत्यक्ष वेळ कोण देणार, वेळ देणाऱ्याच्या बुडालेल्या मिळकतीची भरपाई कशी होणार, आणि आईवडिलांची स्वतःची इच्छा काय आहे. दूर असलेल्या भावाने पाठविलेली रक्कम दिसते. जवळ असलेल्या बहिणीने किंवा सुनेने घालविलेले दिवस दिसत नाहीत. ते हिशेबात धरले गेले, तर निम्मे वाद न्यायाधिकरणाच्या पायरीपर्यंत जाणार नाहीत.